न पचलेल्या पिष्टाची कैफियत

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ज्या शहराला परवापरवापर्यंत सारा मुलूख औरंगाबाद म्हणून ओळखत होता त्या शहरात, खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यालगत जी सतराव्या शतकातील पाणचक्की आहे, ती पाहावयास येणारा प्रवासी बहुधा पाण्याकडेच पाहतो. डोंगरातले पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इतक्या दूर कसे आणले, ते उंच भिंतीवरून हौदात कसे सोडले आणि त्याच्या जोरावर दगडी जाते कसे फिरविले, याचे कौतुक करण्यात त्याचा वेळ जातो. दर्ग्यात उतरणाऱ्या फकिरांसाठी आणि यात्रेकरूंसाठी या चक्कीवर जे पीठ निघे त्याच्याविषयी सहसा कोणी चौकशी करीत नाही. वस्तुतः दगडी जात्याचे पीठ ही चौकशीस पात्र असलेली वस्तू आहे. ते एकसारखे बारीक नसते. त्यात भुकटी असते, रवा असतो, मधूनच अर्धवट भरडलेला दाणाही असतो. आणि त्या रव्याच्या कणाकणात, वनस्पतिपेशींच्या न फुटलेल्या भिंतींआड, असे थोडे पिष्ट दडून राहते की जे खाणाऱ्याच्या तोंडातून जठरात जाते, लहान आतड्याची कित्येक मीटरांची वाट चालून जाते, आणि तरीही पचत नाही. या न पचलेल्या पिष्टाचे पुढे काय होते, आणि त्यावाचून मोठ्या आतड्याचे काय अडते, हा या प्रकरणाचा विषय होय.

शरीरशास्त्राच्या जुन्या क्रमिक पुस्तकांत या विषयाला जागाच नव्हती. धान्ये, कंद आणि कडधान्ये यांतील पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या असंख्य रेणूंच्या साखळ्या. त्यांचे दोन प्रकार, एक सरळ लांब साखळीचे अ‍ॅमिलोज आणि दुसरे अनेक फाटे फुटलेले अ‍ॅमिलोपेक्टिन. लाळेतील आणि विशेषेकरून स्वादुपिंडातील अ‍ॅमिलेज नावाचे विकर या साखळ्या तोडते, लहान आतड्याच्या अस्तरावरील विकरे उरलेले तुकडे सुटे करतात, निघालेले ग्लुकोज रक्तात जाते, आणि मागे राहतो तो केवळ चोथा, अशी ती मांडणी होती. जमेच्या बाजूस पिष्टाची संपूर्ण रक्कम आणि खर्ची बाजूस चोथ्याची नोंद करून हा ताळेबंद इतका चोख मिटविलेला होता की, मोठ्या आतड्याकडे पाणी शोषणे आणि मळ साठविणे यापलीकडे काही कारभार असेल, अशी शंका घेण्याचे कारण कोणास वाटले नाही.

शंका आली ती निराळ्या वाटेने. युगांडात बरीच वर्षे काढलेले आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९७० च्या सुमारास असे प्रतिपादन केले की, आफ्रिकेच्या खेड्यापाड्यांत मोठ्या आतड्याचा कर्करोग विरळा आढळतो त्याचे कारण तेथील अन्नातला विपुल चोथा हे असावे. मत लोकप्रिय झाले; इतके की पाश्चात्त्य देशांत न्याहारीच्या डब्यांवर कोंड्याचे माहात्म्य छापले जाऊ लागले. परंतु पुढे दक्षिण आफ्रिकेत प्रत्यक्ष मोजमाप झाले तेव्हा असे दिसून आले की, मक्याच्या लापशीवर राहणाऱ्या तेथील कृष्णवर्णीय जनतेच्या आहारात चोथा समजुतीइतका मुळीच नव्हता, आणि कर्करोग मात्र तरीही विरळाच होता. म्हणजे आतड्यात चोथ्याखेरीज आणखी काहीतरी उतरत असले पाहिजे. हे काहीतरी म्हणजे पिष्टच, याची साक्ष मिळाली ती माणसाच्या श्वासात. मानवी पेशी हायड्रोजन वायू निर्माण करीत नाहीत; तो आतड्यातले जीवाणू न पचलेली कर्बोदके आंबवितात तेव्हाच निघतो, रक्तात मिसळतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर पडतो. १९८१ साली अमेरिकेतील लेव्हिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्या गव्हाच्या पावाचे जेवण दिलेल्या निरोगी माणसांच्या उच्छ्वासात हा हायड्रोजन मोजला आणि गव्हातील पिष्टाचा लक्षणीय भाग लहान आतड्यात शोषला जात नाही असे दाखवून दिले. तांदूळ मात्र जवळजवळ पूर्ण पचतो असे त्यांना आढळले. दुसऱ्याच वर्षी केंब्रिज येथे हान्स इंग्लिस्ट हे अन्नातील चोथ्याचे मापन करीत असताना, विकरांना दाद न देणारे हट्टी पिष्ट त्यांच्या परीक्षानळीत वारंवार शिल्लक राहू लागले, आणि त्याला त्यांनी रेझिस्टंट स्टार्च हे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिरोधी पिष्ट म्हणता येईल.

प्रतिरोधाची कारणे एकाहून अधिक आहेत. काही पिष्ट, वर सांगितल्याप्रमाणे, पेशीभित्तीआड सुरक्षित असते. तुरीची डाळ, हरभरा, मटकी, जाडीभरडी भरड आणि ताकाबरोबर खावयाच्या ज्वारीच्या कण्या ही याची आपल्या घरातली उदाहरणे. काही पिष्ट कच्च्या कणाच्या स्वरूपातच इतके घट्ट बांधलेले असते की विकरांना आत शिरकाव मिळत नाही. हिरव्या केळ्यात ते भरपूर असते, केळे पिकू लागले की त्याची साखर होऊन ते नाहीसे होते, आणि कच्चे केळे शिजविले तरी त्याचा बराच अंश मोकळा होतो. तिसरे पिष्ट शिजल्यानंतर आणि निवल्यानंतर प्रतिरोधी बनते. कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करून केलेले आणि स्निग्ध पदार्थांशी जखडले गेलेले असे आणखी दोन प्रकार शास्त्रज्ञ मानतात, त्यांच्या तपशिलात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही. मराठवाड्याच्या दृष्टीने खरे महत्त्व पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारास आहे, कारण ते दोन्ही एकाच ताटात, एकाच पदार्थात एकत्र येतात. आणि तो पदार्थ म्हणजे ज्वारीची भाकरी.

भाकरीचा विचार जरा निवांतपणे केला पाहिजे. ज्वारीच्या दाण्यात पिष्टाचे कण काफिरिन नावाच्या प्रथिनाच्या वेढ्यात बसलेले असतात. इतर धान्यांची प्रथिने शिजल्यावर पचनाला सोपी होतात; ज्वारीचे हे प्रथिन मात्र ओल्या उष्णतेने अधिकच आवळते, त्याच्या रेणूंमध्ये गंधकाचे नवे बंध तयार होतात आणि त्या वेढ्याआडच्या पिष्टापर्यंत विकरे सावकाश पोहोचतात. अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात १९८० च्या दशकात या गुणाचा पुष्कळ अभ्यास झाला. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसल्यामुळे तिच्या पिठाला चिकटपणा येतो तो पिष्टामुळेच. म्हणून पीठ जुने होऊन त्याची विरी गेली की घरची बाई कढत पाणी घालून त्याची उकड घेते, म्हणजे काही पिष्टकण फुगून लगदा होतात आणि भाकरी थापताना कडा तुटत नाहीत. पुढे तव्यावर, वरून फिरविलेल्या पाण्याखाली आणि नंतर आरावर, उरलेले बरेचसे पिष्ट फुगते. ही ऊन भाकरी पानात पडते तेव्हा तिच्यातील पुष्कळसा भाग पचनास मोकळा झालेला असतो.

पण भाकरी सारीच ऊन खाल्ली जात नाही. रात्रीची उरलेली सकाळच्या न्याहारीला येते, पहाटेची बांधलेली दुपारी शेतात सुटते. आणि या मधल्या काळात तिच्यात जे घडते त्याचा छडा युरोपात पावाच्या निमित्ताने पूर्वीच लागलेला होता. शिळा पाव कडक होतो तो वाळल्यामुळे, असा समज होता. बूसिंगो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५२ साली हवाबंद ठेवलेला, पाण्याचा थेंबही न गमावलेला पावदेखील शिळा होतो आणि साठ अंशांच्या आसपास तापविला की पुन्हा ताज्यासारखा होतो, हे दाखवून तो समज मोडीत काढला. खरे कारण असे की, शिजताना विस्कटलेल्या पिष्टाच्या साखळ्या निवल्यावर पुन्हा एकमेकींस चिकटून स्फटिकरूप धारण करतात. यात अ‍ॅमिलोपेक्टिनचे स्फटिक सावकाश, एक-दोन दिवसांत बनतात, कडकपणा मुख्यतः त्यांचा असतो, आणि थोड्या उष्णतेने ते वितळतात. म्हणूनच शिळी भाकरी तव्यावर शेकली की नरम पडते. अ‍ॅमिलोजचे स्फटिक मात्र काही तासांतच तयार होतात आणि ते मोडावयास सव्वाशे अंशांच्या पुढची उष्णता लागते, जी ओलसर अन्नाच्या अंतर्भागात तव्यावर कधीच येत नाही. सारांश, शेकलेली शिळी भाकरी जिभेला ताजी वाटली तरी आतड्याच्या लेखी ती काही अंशी शिळीच राहते, आणि याच अंशापुरते तिचे महत्त्व आहे.

हा अंश किती, याविषयी अतिशयोक्ती फार होते. इंग्लिस्ट आणि त्यांचे सहकारी कमिंग्ज यांनी, ज्यांचे मोठे आतडे शस्त्रक्रियेने काढले होते आणि म्हणून लहान आतड्यातून बाहेर पडणारे अन्न ज्यांच्याकडून थेट मोजता येत होते अशा स्वयंसेवकांना बटाटा खाऊ घातला. ताज्या शिजविलेल्या बटाट्यातील पिष्टापैकी सुमारे ३ टक्के, तर शिजवून थंड केलेल्यातील सुमारे १२ टक्के न पचता बाहेर आले. इंडोनेशियात २०१५ साली भातावर झालेल्या प्रयोगात शंभर ग्रॅम ताज्या भातात प्रतिरोधी पिष्ट ०.६४ ग्रॅम होते, चोवीस तास शीतपेटीत ठेवून पुन्हा गरम केलेल्या भातात १.६५ ग्रॅम. गुणोत्तर पाहिले तर वाढ डोळ्यांत भरते. ग्रॅम पाहिले तर ती चिमूटभर आहे. केवळ शिळे खाऊन कोणी आतड्याची सेवा केली असे समजू नये. जाडे पीठ, कण्या, डाळी आणि उसळी यांचा वाटा त्याहून मोठा असतो. म्हैसूरच्या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेतून १९९४ साली भारतीय पदार्थांतील प्रतिरोधी पिष्टाची मोजमापे प्रसिद्ध झाली आहेत. आपल्या धर्मग्रंथांनी आणि वैद्यकानेही शिळ्या अन्नाची गणना तामसात केली, आणि दख्खनच्या कुणब्याने ते निमूटपणे कांदा-ठेच्याशी खाल्ले. दोघांनाही स्फटिकांची वार्ता नव्हती, आणि दोघांपैकी एकाला तरी निवडीची मुभा नव्हती.

आता मोठ्या आतड्याकडे वळू. सुमारे दीड मीटर लांबीच्या या अवयवात जीवाणूंची अफाट वस्ती असते, आणि जे पिष्ट वरून न पचता उतरते ते त्यांचे अन्न. परंतु स्फटिकरूप पिष्ट फोडणे हे सर्व जीवाणूंना साधत नाही. ते काम प्रथम करतो तो रुमिनोकॉकस ब्रोमाय नावाचा जीवाणू. त्याने साखळ्या सैल केल्या की त्यांचे तुकडे इतरांच्या वाट्यास येतात, आणि अखेरीस या सामुदायिक आंबवणीतून अ‍ॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट ही तीन लघुशृंखल मेदाम्ले निर्माण होतात. स्कॉटलंडमधील अ‍ॅबरडीन येथे चौदा स्थूल पुरुषांना प्रतिरोधी पिष्टाचा आहार दिला असता बाकीच्यांनी ते जवळजवळ पूर्ण आंबविले, दोघांच्या मळातून मात्र त्याचा मोठा भाग तसाच बाहेर पडला. या दोघांच्या आतड्यात रुमिनोकॉकस जातीचे जीवाणू नगण्य होते. २०१२ साली त्यांच्या नमुन्यांत परीक्षानळीतच तो जीवाणू मिसळताच आंबवण सुरळीत झाली. एकाच ताटातले अन्न दोन माणसांस निरनिराळे फळ का देते, या आपल्याकडे प्रकृतिभेद म्हणून सोडून दिल्या जाणाऱ्या प्रश्नाचे हे एक आंशिक उत्तर आहे.

तीन अम्लांपैकी ब्युटिरेटचे स्थान विशेष. शरीरातील बहुतेक पेशी आपले इंधन रक्तातून घेतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मात्र आपल्या गरजेचा मोठा हिस्सा, एका अंदाजाप्रमाणे ७० टक्क्यांपर्यंत, आतड्याच्या पोकळीत तयार झालेल्या ब्युटिरेटमधून भागवितात. त्याच्या योगे अस्तर अभंग राहते, दाह आटोक्यात राहतो, आणि प्रयोगशाळेतील पेशींवर पाहिले असता निरोगी पेशींना पोसणारे हेच द्रव्य कर्करोगाच्या पेशींची वाढ मात्र रोखते. शिवाय अम्लतेमुळे आतड्यातील वातावरण असे होते की उपद्रवी जीवाणूंची वाढ खुंटते, आणि पिष्ट हाती असेतोवर जीवाणू प्रथिने कुजविण्याकडे कमी वळतात, म्हणून अमोनिया आणि तत्सम घातक द्रव्ये कमी निपजतात. शरीराला ऊर्जाही मिळते, पण ग्लुकोज होऊन मिळाली असती तिच्या सुमारे निम्मी. ग्रॅममागे चारऐवजी दोनच उष्मांक.

या ज्ञानाचा पहिला मोठा व्यावहारिक उपयोग आपल्याच देशात झाला, आणि तोही पटकीसारख्या रोगात. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्याने पटकीच्या रोग्यांचे प्राण वाचविले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. त्या पाण्यात एक उणीव होती: मृत्यू टळे, परंतु जुलाबांचे मान फारसे घटत नसे, कारण साखर आणि मीठ यांचे शोषण होते ते लहान आतड्यात, आणि मोठ्या आतड्याची पाणी ओढून घेण्याची प्रचंड क्षमता वापरावाचून पडून राही. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील डॉ. बी. एस. रामकृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी तजवीज केली की, त्या पाण्यात लिटरमागे ५० ग्रॅम मक्याचे प्रतिरोधी पिष्ट मिसळावयाचे. ते वर न पचता खाली उतरेल, तेथे जीवाणू त्याची मेदाम्ले करतील, आणि ही मेदाम्ले शोषली जाताना आपल्याबरोबर सोडियम व पाणी आत ओढून नेतील. पटकीच्या ४८ रोग्यांवर झालेल्या या परीक्षेत पिष्ट मिळालेल्यांचे जुलाब लवकर थांबले आणि मळाचे वजनही घटले. हा निष्कर्ष २००० साली प्रसिद्ध झाला. पुढल्याच वर्षी ढाक्याहून, दीर्घकाळ जुलाबांनी हैराण झालेल्या मुलांना शिजविलेल्या हिरव्या केळ्याने गुण आल्याचे वृत्त आले. आपल्याकडे आजीबाईच्या बटव्यातही कच्चे केळे याच कामी आहे. पण आजीबाईस तिचे यश मोजावे लागत नसे.

कर्करोगाविषयी इतक्या निश्चयाने बोलता येत नाही. बार्शी येथे १९८७ साली भारतातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. तिच्या इलाख्यात सोलापूर जिल्ह्यातील बार्शी आणि आता धाराशिव म्हटल्या जाणाऱ्या जिल्ह्यातील परांडा व भूम या तालुक्यांतील ३४६ गावे येतात, म्हणजे बालेघाटच्या पायथ्याचा अस्सल शाळूचा मुलूख. या नोंदवहीत मोठ्या आतड्याचा कर्करोग वयोमानाचा हिशेब धरूनही पाश्चात्त्य देशांच्या मानाने अत्यल्प दिसतो. भाकरीचा कैवारी येथेच हात वर करून उठेल. पण त्याला बसविले पाहिजे. त्या गावांत मांसाहार थोडा, अंगमेहनत पुष्कळ, स्थूलता कमी, आणि तपासणीच्या सोयीही शहरासारख्या नाहीत. इतक्या कारणांतून एकट्या पिष्टाला श्रेय देणे न्यायाचे होणार नाही. याहून बळकट पुरावा २०१५ साली आला. अमेरिकेतील पिट्सबर्गच्या वीस आफ्रिकी-अमेरिकी व्यक्तींना दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातला आहार आणि तिकडच्या वीस ग्रामस्थांना अमेरिकी आहार, अशी पंधरवडाभर अदलाबदल करण्यात आली. अमेरिकनांच्या आतड्यातील ब्युटिरेट सुमारे अडीचपट झाले, ग्रामस्थांचे निम्मे झाले, आणि अस्तराचा दाह व पेशींच्या वाढीची खूण त्याच्या उलट दिशांनी हलली. केवळ पंधरवड्यात! येथेही पिष्टाबरोबर चोथा वाढला होता आणि स्निग्धांश घटला होता, हे विसरता कामा नये.

सर्वांत कसोटीची परीक्षा इंग्लंडातील न्यूकॅसलच्या जॉन बर्न आणि जॉन मॅथर्स यांच्या पुढाकाराने झाली. ज्यांच्या घराण्यात लिंच सिंड्रोम नावाचा आनुवंशिक दोष आहे आणि म्हणून ज्यांना आतड्याच्या कर्करोगाचा धोका फार मोठा आहे, अशा नऊशेंहून अधिक व्यक्तींपैकी निम्म्यांना रोज ३० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आणि निम्म्यांना त्यासारखेच दिसणारे पण पचणारे पिष्ट देण्यात आले. घेण्याची मुदत सरासरी दोन वर्षांची, कमाल चार वर्षांची होती. २०२२ साली दीर्घ पाठपुराव्यानंतर निकाल बाहेर आला तो चमत्कारिक होता. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात काहीच फरक पडला नव्हता. परंतु त्या दोषामुळे अन्यत्र होणारे, विशेषतः जठर, स्वादुपिंड आणि लहान आतड्याचा आरंभीचा भाग यांचे कर्करोग निम्म्याच्या आसपास उतरले होते. ज्या ठिकाणी पिष्ट आंबते तेथे लाभ नाही, आणि जेथे ते केवळ वाटसरू आहे तेथे लाभ आहे, हे कोडे अद्याप समाधानकारकपणे सुटलेले नाही. पित्ताम्लांवर जीवाणूंची क्रिया कमी होणे हे एक संभाव्य कारण मॅथर्स यांनी सुचविले आहे. वृत्तपत्रांनी मात्र रोज एक कच्चे केळे आणि कर्करोग पळाला, असे मथळे देऊन टाकले.

इकडे मराठवाड्यात या साऱ्या संशोधनाच्या काळातच ताट पालटले. १९६४ साली सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण आले आणि खरिपाच्या पिकाला हायब्रीड हे नाव घरोघर रूढ झाले. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर लोकांनी सुकडी खाल्ली आणि रेशनवर आलेली अमेरिकी लाल मिलो दळून तिच्या भाकऱ्या थापल्या. त्यानंतर स्वस्त धान्य दुकानांतील गहू-तांदूळ स्थिरावला, शेतात कापूस आणि सोयाबीन शिरले, आणि मोंढ्यात ज्वारीची आवक रोडावत गेली. आज शहरात पिवळ्या-पांढऱ्या मालदांडी ज्वारीची भाकरी हॉटेलात पोळीपेक्षा महाग मिळते. तुघलकाच्या फौजेबरोबर १३२७ च्या सुमारास दौलताबादेस आला असे सांगितले जाते तो नान-कलिया शहागंजाच्या बाजूस अजून आहे. त्याचा पांढराशुभ्र नान मात्र लहान आतड्यातच जवळपास संपून जातो, खाली काही पाठवीत नाही. ज्या श्रीमंती अन्नाची पूर्वी रयतेस अभिलाषा होती ते आज रयतेला परवडते, आणि रयतेचे अन्न श्रीमंतांस पथ्य म्हणून सांगितले जाते.

या उलटापालटीचा अर्थ मात्र नीट लावला पाहिजे, कारण जुन्या आहाराचे गुणगान करणारे येथे एक गोष्ट डोळ्याआड करतात. न पचणे हा गुण आहे की दोष, हे खाणाऱ्याच्या पोटात आधी काय आहे त्यावर ठरते. पेरूची राजधानी लिमा येथे १९८१ साली कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना अख्ख्या ज्वारीची लापशी दिली असता त्यांच्या शरीराने प्रथिनांपैकी जेमतेम ४६ टक्के पचविली, गव्हाची ८१ टक्के. आणि मळावाटे ऊर्जाही अधिक गेली. ज्या पोराला दिवसाकाठी मूठभर अन्न मिळते त्याच्या ताटातून काही भाग जीवाणूंनी घ्यावा आणि निम्म्या उष्मांकांनी परत करावा, ही त्याची हानीच होय. दुष्काळातल्या रयतेचे आतडे कदाचित निरोगी असेल. रयत निरोगी नव्हती. उलट ज्याला दोन्ही वेळा पोटभर आणि त्याहून जास्त मिळते, ज्याचे दिवस खुर्चीत जातात आणि रक्तातील साखर जेवणानंतर उंच चढते, त्याच्या बाबतीत हीच हानी लाभ ठरते. शांघायमध्ये ३७ स्थूल व्यक्तींना रोज ४० ग्रॅम प्रतिरोधी पिष्ट आठ आठवडे दिले तेव्हा त्यांचे वजन सरासरी २.८ किलोने उतरले, असे २०२४ साली प्रसिद्ध झाले आहे. धान्य तेच, गुणही तोच. ज्याच्या पोटात ते धान्य जाते त्या माणसाची स्थिती बदलली.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगणे अवश्य आहे. पाश्चात्त्य आहारात प्रतिरोधी पिष्ट रोज साधारण तीन ते आठ ग्रॅम असते. वीस ग्रॅमच्या आसपास असावे असे काही संशोधकांचे मत आहे. ते गाठण्यास भुकटीचे डबे विकत आणावयाची गरज नाही, पण घाईही करू नये. ज्याची सवय सुटली आहे त्याने एकदम उसळी आणि कण्यांचा मारा केला तर पोटात वायू धरतो, कळ येते, आणि ज्याचे आतडे मूळचे चिडखोर आहे त्याला तर वैद्याच्या सल्ल्यावाचून हे प्रयोग वर्ज्यच. शिळे म्हणजे उघड्यावर ठेवलेले असा अर्थ मात्र कोणी घेऊ नये. भातात बॅसिलस सीरियस नावाचा जीवाणू बीजरूपाने शिजण्यातूनही वाचतो, उबेत वाढतो, आणि त्याने केलेले एक विष पुन्हा उकळल्यानेही नष्ट होत नाही. एप्रिल-मे महिन्यांत चाळीस अंशांच्या पलीकडे तापणाऱ्या छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरात भात तासभराच्या आत शीतपेटीत गेला पाहिजे. भाकरी कोरडी असल्याने तिला हे भय कमी, तरी बुरशी आलेली भाकरी फेकून द्यावी. हुरडा या हिशेबात येत नाही. त्या कोवळ्या दाण्यात पिष्ट पुरते भरलेलेच नसते, आणि पौषातल्या शेतात बसून तो कोणी आतड्याच्या हितासाठी खातही नाही.

राहिली वाणांची गोष्ट. मोहोळच्या केंद्रात निवडलेले एम ३५-१, म्हणजे मालदांडी, हे अजूनही भाकरीच्या गुणवत्तेचे प्रमाण मानले जाते. १९७२ साली परभणीस कृषी विद्यापीठ निघाले आणि त्याच वर्षी हैदराबादेजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. परभणीहून पुढे परभणी मोती, परभणी ज्योती आणि २०१८ साली लोह व जस्त अधिक असलेली परभणी शक्ती ही वाणे आली. इक्रिसॅटमध्ये नव्या वाणांची भाकरी करून, खाणाऱ्यांचे पंच बसवून, त्यांच्याकडून तिची परीक्षा घेण्याची पद्धत घालून देण्यात आली. भाकरीचा रंग, चव, वास, पोत आणि दुसऱ्या दिवशी ती किती नरम राहते, म्हणजे तिचा टिकाऊपणा, यांना निरनिराळे गुण दिले जात. लहान आतड्यातून किती पिष्ट निसटून खाली जाते, यासाठी त्या गुणपत्रिकेत रकाना नव्हता.